घरभर मांडलेलं अस्वल

सासूबाई चपलांच्या कपाटावर खेकसत होत्या, आणि हे सुनेनं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"मेल्या, ओल्या पायांनी आत येऊ नकोस म्हटलं ना? बस इथंच. आणि आधी ती छत्री मीट, कुणाच्या तरी डोळ्यात जाईल."

दारात कुणी नव्हतं. बाहेर लख्ख ऊन होतं. ओलं असं घरात काही असेल तर ते सुनेच्या कडेवरच्या ठकीचं दुपटं. ठकी आठ महिन्यांची. तिला आजीचं बोलणं भारी आवडलं असावं, कारण तीही कपाटाकडे बघून जोरात ओरडली. सून मात्र स्वयंपाकघराच्या दारात खिळून राहिली. तिला धसका बसला.

तसा तो दिवसातून दहादा बसायचाच. ठकी जास्त झोपली की बसायचा, कमी झोपली की बसायचा. बाळंतपणाआधी ती औषधांच्या कारखान्यात तपासनीस होती. गोळ्यांच्या हजारो पाकिटांतून एखादं फुटकं हेरायचं, हे तिचं काम. रजेवर घरी बसली तरी ती नजर काही रजेवर गेली नव्हती. आता ती घरातल्या घरात फुटकं पाकीट शोधत बसायची. रजा संपली की ठकीला सासूबाईंवर सोपवून कामावर जायचं ठरलं होतं. आणि सासूबाई तर कपाटाशी बोलत होत्या.

रात्री तिनं नवऱ्याच्या कानावर घातलं. तो हसला.

"आई पहिल्यापासून बोलते. पूर्वी रेडिओवर बोलायची तेव्हा तिला पगार मिळायचा, एवढाच फरक."

"अहो, आई कपाटाला 'मेल्या' म्हणाल्या."

"मग? मला पण म्हणते."

नवऱ्याच्या नादी लागण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवसापासून तिनं स्वतःच तपासणी सुरू केली. भाजी निवडता निवडता सहज विचारावं तसं विचारलं, "आई, आज वार कुठला हो?" नंतर कधी, "आई, तुमच्या त्या रेडिओतल्या मैत्रिणीचं घर कुठल्या मजल्यावर होतं?" सासूबाई पटापट उत्तरं द्यायच्या. पण इतर काही गोष्टी तिच्या नजरेतून सुटल्या नाहीत. सासूबाई चहा ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवायच्या. 'नुसत्या वाईट बातम्या' म्हणून त्यांनी वर्तमानपत्र बंद केलं होतं. बोलताना त्या समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता खांद्याकडे बघायच्या, जणू मागं आणखी कुणी उभं आहे. आणि सकाळचं ऊन खिडकीत आलं की हातात भिंग घेऊन एका पुस्तकावर इतक्या वाकायच्या, की नाकानंच वाचताहेत असं वाटावं.

तिसऱ्या की चौथ्या प्रश्नाला सासूबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली.

"परवा वार विचारलास. काल मैत्रिणीचा मजला विचारलास. उद्या काय, पाढे म्हणून घेणार?"

सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाही हो आई, मी आपलं सहज..."

"सहज नाही. तुला वाटतंय म्हातारी भ्रमिष्ट झाली. आणि वाटायलाच हवं. मी तुझ्या जागी असते तर पोर माझ्याकडे ठेवलीच नसती." त्यांनी हात पुसले. "बस इथं. सांगते. पण त्याला सांगायचं नाही. माझा मुलगा गुणी आहे, पण काळजी करायला लागला की माणसाला कापसात गुंडाळून ठेवतो."

मग त्यांनी सांगितलं. नजरेच्या मधोमध डाग पडत चालला होता. चष्म्याच्या काचेवर कुणी तेलकट अंगठा दाबावा तसा. कडेकडेचं दिसायचं. "म्हणजे बघ, तुझा कान दिसतो, ठकीची टाच दिसते. तुझं तोंड बघायचं तर तुझ्या खांद्याकडे बघावं लागतं, मग तोंड कडेला येतं आणि जरा सापडतं." डॉक्टर म्हणाले होते की चालता-फिरता येईल, कामं करता येतील, वाचन मात्र हळूहळू जाईल.

"आणि तुमचे गुरुवार?" सुनेनं विचारलं.

सासूबाईंचे गुरुवार सगळ्या घराला ठाऊक होते. रेडिओवरून निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी दुपारी त्या मोठ्या इस्पितळातल्या मुलांच्या विभागात गोष्टीची पुस्तकं वाचून दाखवायला जायच्या. तिथं महिनोन्‌महिने पडून असलेली मुलं होती. कुणाचा पाय वजन लावून टांगलेला, कुणाच्या नाकात नळी. सगळा आठवडा ती आजीची वाट बघायची.

"गुरुवारसाठीच तर सगळा खटाटोप," सासूबाई म्हणाल्या. "ऊन चांगलं असलं की भिंगानं अजून वाचता येतं. पण किती? मुंगीनं साखरेचं पोतं वाहावं तसं. तिथं मुलांपुढं बसून असं वाचायला लागले तर एका पानात पोरं झोपतील. तेव्हा घरी एकदा वाचायचं ते कायमचं. वाचलेलं सांडता कामा नये. आयुष्यभर बातम्या वाचल्या, पण एकही डोक्यात ठेवली नाही. ठेवायचीच नसते. सकाळची रात्री आठवली तर माणूस वेडा होईल. म्हातारपणी हे नवीन शिकायला लागलं."

"पण एवढं अख्खं पुस्तक? पाठ करता?"

"पाठ कोण करतंय! मांडते."

आणि गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. सुनेला म्हणाल्या, चल, घर दाखवते. लग्न होऊन ती याच घरात आली होती. कुठल्या फरशीला तडा आहे हेही तिला माहीत होतं. तरी ती ठकीला काखोटीला मारून मुकाट्यानं मागं गेली.

सासूबाईंनी बाहेरच्या दारापासून सुरुवात केली. नेहमी उजव्या हाताला वळत फिरायचं, म्हणाल्या, उलटसुलट फिरलं की गोष्ट पण उलटी होते. पुस्तकात एक अस्वल होतं. ते बसथांब्यावर भिजत उभं असतं, तेवढ्यात एक अनोळखी माणूस त्याच्या पंजात स्वतःची छत्री ठेवतो आणि बसमध्ये चढून निघून जातो. आता अस्वल ती उसनी छत्री परत करायला गावोगाव हिंडतंय. हे पहिलं प्रकरण चपलांच्या कपाटात.

"कपाट उघड. दिसलं? सगळ्यांच्या चपलांवर बसलंय, निथळतंय. वास घे. ओल्या अस्वलाचा वास कसा असेल?"

सुनेनं खरंच वास घेतला. चपलांचाच होता. पण पुढच्या क्षणी तिला जे वाटलं त्याचं तिलाच हसू आलं. तिला वाटलं, नवऱ्याचे बूट आता वाळत घालायला हवेत.

"बघ, चिकटलं!" सासूबाई म्हणाल्या. त्यांना तिचं तोंड दिसलं नसेल. हसू ऐकू आलं. "सभ्य चित्र टिकत नाही. अस्वल खुर्चीवर व्यवस्थित बसलं तर उद्या विसरशील. ते तुझ्या बुटांत बसून शिंकलं पाहिजे. वास हवा, आवाज हवा, जरा वात्रटपणा हवा. आणि त्याच्याशी बोलायचं. बोललं की पक्कं होतं."

बैठकीतल्या काचेच्या टीपॉयवर नदी होती. अस्वल तिच्यावर पालथं पडून छत्रीचं शीड करून चाललेलं. फ्रीजमध्ये बर्फाचं गाव. तिथली माणसं छत्र्या उलट्या टांगून त्यात बटाटे ठेवायची. भांड्यांच्या सिंकमध्ये एक धोबीण अस्वलालाच धुऊन काढत होती, आणि तिचे दोन्ही मुलगे नळाच्या दोन बाजूंना उभे राहून अस्वलाचे कान पिळत होते. मग परत फिरून बैठकीतली खिडकी. तिथं मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत मातीत बसलेला मिशाळ न्यायाधीश. तो अस्वलावर छत्री चोरल्याचा खटला चालवतो. त्याच्या शेजारी उभा उंच दिवा म्हणजे दीपगृहाची राखणदारीण. काडीसारखी बाई, कधी न झोपणारी. आणि शेवटी सासूबाईंची स्वतःची खुर्ची. तिच्यावर कोण बसलंय ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

"शेवट आधी सांगत नसतात."

सून बघतच राहिली. इतकी वर्षं तिला वाटायचं की हुशार माणसाचं डोकं म्हणजे एक मोठी पेटी, आणि आपली पेटी लहान. इथं तर बाई पेटी वापरतच नव्हती. तिनं सगळं घरच कामाला लावलं होतं.

"कुणी शिकवलं हो तुम्हाला?"

"फार जुनी युक्ती आहे. कागद महाग होता तेव्हा माणसं लांबलचक भाषणं अशीच ध्यानात ठेवायची. मी रेडिओवर तिच्यावरचा अख्खा कार्यक्रम वाचला होता, आणि घरी येईपर्यंत विसरले होते!" सासूबाई खळखळून हसल्या. "डोळे जायला लागले तेव्हा आठवली."

एकदा मांडलं की झालं, असंही नव्हतं. संध्याकाळी परत फेरी, दुसऱ्या दिवशी परत, मग दोन दिवस सोडून, मग आठवड्यानं. मुरायला ठेवायचं, त्या म्हणायच्या. रोज झाकण उघडून ढवळलं तर मुरत नाही, आणि कधीच उघडलं नाही तर बुरशी येते.

"तुम्ही वाचताच कशाला एवढा त्रास घेऊन? मी वाचून दाखवत जाईन की."

"तू?" सासूबाईंनी तिच्या खांद्याकडे बघत मान हलवली. "तुझा जीव आधीच मेटाकुटीला आलाय. कालच त्या बाळसंगोपनाच्या पुस्तकाचं तेच प्रकरण तिसऱ्यांदा वाचत होतीस. माझं मी बघेन. आणि हे बघ, माझा एक निश्चय आहे. ज्या गुरुवारी मुलांपुढं अडखळले, त्या गुरुवारपासून घरी बसायचं. दयेनं ऐकून घेणारे श्रोते मला नकोत."

बाळसंगोपनाचं पुस्तक ही सुनेची दुखरी नस होती. वाचताना सगळं कळायचं, पान उलटलं की पाटी कोरी. त्या दुपारी, कुणी बघत नाहीसं बघून, तिनं तापाचं प्रकरण न्हाणीघरात मांडलं. बादलीत माणसाएवढा तापमापक दात वाजवत उभा केला. कोमट पाण्याचा तांब्या त्याच्या डोक्यावर, आणि डॉक्टरांना केव्हा गाठायचं ते सांगणारी तांबडी बाई नळावर लटकलेली. दोन दिवसांनी अंघोळीला गेली तर सगळी मंडळी जागच्या जागी. तिला इतका आनंद झाला की साबण लावायचा राहिला.

तेव्हापासून तिची नजर सासूबाईंवर पूर्वीसारखीच असायची, पण कारण बदललं होतं. सकाळी त्या भिंग घेऊन बसल्या की ती पडदा पूर्ण बाजूला सारायची, काही न बोलता. त्या नदीशी, धोबिणीशी बोलायच्या तेव्हा ती मिक्सर बंद करायची. पुस्तकाची एकच प्रत होती, तीही इस्पितळाच्या कपाटातली. महिनाभराच्या बोलीवर आणलेली. सासूबाईंनी ती सबंध घरात मांडून झाल्यावर परत नेऊन दिली, कारण मुलांना मधल्या दिवसांत चित्रं बघायची असायची. गुरुवारी पुस्तक मुलांच्याच उशाखालून निघायचं, सासूबाई ते हातात धरायच्या आणि पानं उलटत गोष्ट सांगायच्या.

"हातात धरताच कशाला मग?" सुनेनं एकदा विचारलं.

"मुलांना कळायला नको का, हे सगळं पुस्तकातून येतं ते? नाहीतर म्हणतील, आजीच्या डोक्यातून येतं. आणि मग आजी गेल्यावर पुस्तक उघडणार कोण?"

एकेका गुरुवारी अस्वल नदी ओलांडून बर्फाच्या गावाला गेलं, धोबिणीकडून धुऊन निघालं. शेवटची तीन प्रकरणं राहिली होती, तेव्हा सासूबाई चार दिवस त्यांच्या बहिणीकडे गेल्या. आणि त्याच चार दिवसांत ठकी रांगायला लागली.

रांगायला लागली म्हणजे काय, सुटलीच. सकाळी चपलांच्या कपाटाचं दार बोटांवर, दुपारी काचेच्या टीपॉयच्या कोपऱ्याशी कपाळ, संध्याकाळी कुंडीतली माती तोंडात. चौथ्या दिवशी ती उंच दिव्याची वायर धरून उभी राहिली, दिवा डुगडुगला आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर आडवा झाला. दिव्याला काही झालं नाही. ठकीनं टाळ्या वाजवल्या. सून मात्र ठकीला छातीशी धरून अर्धा तास बसून राहिली.

नवरा कामावरून आला तशी ती त्याला म्हणाली, "आत्ताच्या आत्ता सगळं हलवायचं."

चपलांचं कपाट बाहेर जिन्यात गेलं. टीपॉय माळ्यावर. कुंडी बाल्कनीत. उंच दिवा नवराबायकोच्या झोपायच्या खोलीत, पलंग आणि भिंत यांच्या बेचक्यात. त्याच्या जागी खिडकीशी जाड सतरंजी आली, भोवती उशांचा कोट. ठकी त्यात लाकडी चमचा घेऊन राज्य करू लागली. अस्वलाची आठवण सुनेला एकदाही झाली नाही असं नव्हतं. कुंडी उचलताना न्यायाधीश डोळ्यांपुढं आला होता. पण तिनं स्वतःची समजूत घातली की गोष्ट सासूबाईंच्या डोक्यात आहे, कुंडीत थोडीच आहे!

सासूबाई आल्या. दारात चप्पल काढून सवयीनं उजवीकडे हात नेला तर हात हवेत. मग आत आल्या, बैठकीच्या मध्यावर थांबल्या. डोळ्यांच्या कडेनं घर चाचपत मान हळूहळू फिरली.

"छान केलंस," त्या म्हणाल्या. "घरात रांगतं मूल म्हणजे असंच हवं."

सुनेनं सुटकेचा श्वास टाकला. पण बुधवारी दुपारी तिनं बघितलं, सासूबाई खिडकीशी उभ्या होत्या. ओठ हलत होते, थांबत होते, परत पहिल्यापासून हलत होते.

"आई?"

"काही नाही गं. न्यायाधीश सापडला. बाल्कनीत आहे, रोज पाणी घालतेच ना मी त्याला. पण दिव्यापाशी गेले की..." त्या कसनुसं हसल्या. "तिथं ठकी दिसते. चमचा वाजवत असते. राखणदारीण त्या तिथं उभी होती, तिला हिनं हुसकून लावलं."

सून निघालीच. "मी आत्ता परत आणून ठेवते दिवा."

"अजिबात नाही." हा रेडिओचा आवाज होता, घरात तो क्वचित निघायचा. "पडला होता ना पोरीजवळ? तुझ्या नवऱ्यानं सांगितलं मला. गोष्टीपेक्षा तिचं डोकं मोलाचं. आठवेल. नाही आठवलं तर नाही."

"मग मी इस्पितळात जाऊन पुस्तक आणते, वाचून दाखवते—"

"मुलांच्या उशाखालचं? शेवटच्या प्रकरणांच्या आदल्या दिवशी?" सासूबाई सतरंजीशी वाकल्या, ठकीच्या हातातला चमचा हळूच काढून परत तिच्याच हातात दिला. "आणि परवा बहिणीकडे लख्ख उन्हात बसून बघितलं. भिंगानंही अक्षर सापडत नाही आता. हे बहुतेक माझं शेवटचंच पुस्तक. तेव्हा ते नीट संपवायचं होतं, एवढंच."

आणखी बोलणं व्हायचं, पण ठकीनं चमचा घशात खुपसून पाहिला आणि मग कुणालाच काही सुचेना.

गुरुवारी सुनेनं असं काही केलं जे तिनं ठकी झाल्यापासून केलं नव्हतं. नवऱ्याला अर्ध्या दिवसाची रजा काढायला लावली, ठकीला त्याच्या मांडीवर बसवलं, "ताप आला तर न्हाणीघर" असं काहीतरी पुटपुटली आणि सासूबाईंबरोबर निघाली.

"तू कशाला?" बसमध्ये सासूबाईंनी विचारलं.

"मलाही शेवट ऐकायचाय."

मुलांच्या विभागात खाटा अर्धगोलात ओढून ठेवलेल्या होत्या. टांगलेल्या पायाच्या मुलानं उशीखालून पुस्तक काढलं आणि दोन्ही हातांनी दिलं. नाकात नळी असलेली मुलगी म्हणाली, "आजी, आधी मागचं सांग. हा झोपला होता मागच्या वेळी."

"मी नव्हतो झोपलो! डोळे मिटून ऐकत होतो."

सासूबाईंनी पुस्तक उघडलं आणि मागचं सगळं सांगितलं, बसथांब्यापासून धोबिणीपर्यंत. सून दाराशी उभी राहून ऐकत होती. तिनं हे सारं घरात तुकड्यातुकड्यानं ऐकलं होतं; सलग कधीच नाही. नदी आली तशी आवाज पाण्यासारखा पसरला. धोबीण आली आणि एका परिचारिकेनं हातातलं काम थांबवलं. पानं बरोबर वेळेला उलटत होती. चित्रांचे रंग त्यांना कडेनं दिसत असावेत. सुनेला वाटलं, बाहेरून कुणी बघितलं तर म्हणेल, काय छान वाचते ही आजी. वाचते! तिला एकटीलाच ठाऊक होतं की ही बाई या क्षणी आपल्या घरात फिरते आहे.

न्यायाधीश आला. कुंडीतला, मिशाळ. मुलं हसून हसून खाटा हलवायला लागली. त्यानं अस्वलाला सोडून दिलं, एका अटीवर: दीपगृहाच्या राखणदारणीनं साक्ष द्यायला हवी, कारण गावात रात्री जागं असं तेवढं एकच माणूस.

"मग अस्वल दीपगृहाशी पोचलं," सासूबाई म्हणाल्या. "दार उघडलं. आणि राखणदारीण त्याला म्हणाली..."

पान उलटलं. पुढं शब्द आला नाही.

त्यांची मान किंचित वळली, जशी घरी खिडकीशी वळायची. सुनेला कळलं, तिथं सतरंजी आहे, आणि सतरंजीवर चमचा वाजवणारी ठकी.

"काय म्हणाली?" टांगलेला पाय.

"आजी, पान चिकटलं का?" नाकातली नळी.

सुनेचे पाय आपोआप पुढं झाले. सोपं होतं. पुस्तक समोरच होतं, तिला दिसत होतं, दोन पावलं टाकून हातात घ्यायचं आणि वाचायला लागायचं. मुलांची गोष्ट पुरी झाली असती. आणि आजी पुढच्या गुरुवारपासून घरी. ती मध्येच थांबली. अक्षरं त्यांना हवीच नव्हती, दिवा हवा होता. आणि तो कुठं आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं!

"आई," ती तिथूनच म्हणाली, जरा मोठ्यानं, "तो उंच दिवा आता आमच्या खोलीत आहे. पलंगाच्या पलीकडे, भिंतीशी. कोपऱ्यात अंग चोरून उभा आहे बिचारा."

सगळ्या विभागानं तिच्याकडे वळून बघितलं. परिचारिकेच्या भुवया वर गेल्या. सुनेचे कान तापले.

सासूबाईंनी मात्र डोळे मिटले. सुनेला जणू दिसलं, त्या बैठकीतून वळल्या, मुलाच्या खोलीचं दार त्यांनी नेहमीप्रमाणे आधी वाजवलं, मग आत गेल्या. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू उमटलं.

"राखणदारीण कोपऱ्यात अंग चोरून उभी होती," सासूबाई म्हणाल्या, आणि आवाज परत भरदार झाला. "ती म्हणाली, 'अस्वला, खरं सांग. तुला छत्री परत करायचीय, की तो माणूस परत भेटायला हवाय?'"

अस्वलाला उत्तर द्यायला वेळ लागला. मग गोष्ट अशी वाहिली की कुणी श्वास घेतला नसावा. शेवटी अस्वलाला तो माणूस सापडला. तो आपला खिडकीशी खुर्चीवर बसला होता, आणि त्याच्याकडे केव्हाच दुसरी छत्री आली होती. म्हणाला, ठेव तुझ्याकडेच. अस्वलानं खूप विचार केला. म्हणालं, बरं, ही आता माझी झाली. तर मग आता तू ती माझ्याकडून उसनी ने. म्हणजे परत करायला यावं लागेल.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. टांगलेल्या पायाचा मुलगा पुस्तक परत घेता घेता म्हणाला, "पण तो पलंगामागचा दिवा या पुस्तकात नाहीये. मी सगळी चित्रं बघितलीयत."

"नीट बघ," सासूबाई म्हणाल्या. "वाच सगळं. नाही सापडला तर सांग मला."

परतीच्या बसमध्ये सुनेनं तीनदा फोन काढून बघितला. ठकी झोपली होती, फोटोही आला होता. मग सासूबाई म्हणाल्या, "अडखळले मी."

"पान उलटायला वेळ लागला. एवढं तर कुणालाही होतं."

"मला बोलण्यात गुंडाळू नकोस. अडखळले."

"बरं, अडखळलात. पण गोष्ट तुम्ही नाही सांडलीत आई. घर मी हलवलं." तिचा आवाज चढला, पुढच्या बाकावरच्या माणसानं मान वळवली. "आणि तुमचा तो निश्चय तुम्ही एकट्यानं वाचत होतात तेव्हाचा आहे. पुढचं पुस्तक मी वाचणार. ठकी झोपली की रोज थोडं. तुम्ही मांडायचं, कुठं मांडताय ते मला सांगायचं. म्हणजे मला आयतंच समजेल, घरात काय हलवायचं आणि काय नाही. माझ्याही डोक्यात काहीतरी राहील, तापाव्यतिरिक्त."

सासूबाई तिच्या खांद्याकडे बघत राहिल्या. म्हणजे तिच्या तोंडाकडे. पुष्कळ वेळ बघितलं, जणू तेही कुठंतरी मांडून ठेवायचं होतं.

"उसनं घेतल्यासारखं होईल," त्या म्हणाल्या.

"मग परत करत जा की. मला शिकवा नीट."

"वाचताना भरभर वाचशील. तुझी सवय आहे."

"नाही वाचणार."

"आणि मुलाला सांगावं लागेल डोळ्यांचं."

"त्याला मी सांगते. कापूस आधी लपवून ठेवू."

पुढच्या पुस्तकात एक सर्कस होती. ती घरात शिरली आणि घराची चालच बदलली. नवऱ्याला सगळं कळल्यावर तिसऱ्या दिवशी त्यानं आईच्या खुर्चीमागं मोठा दिवा लावून दिला आणि विचारलं की याच्यावर कुणाला बसवायचं असेल तर आत्ताच सांग. आता घरात कुणीही वस्तू न विचारता हलवत नाही. ठकी सोडून, ती भिंत धरून चालायला लागली आहे आणि तिच्यापुढं सर्कशीचंही काही चालत नाही.

परवा रविवारी सून न्हाणीघर धुवायला निघाली, तर नवरा आधीच बादली उचलून दारात उभा होता. आतल्या खोलीकडे तोंड करून त्यानं आवाज दिला, "आई, या बादलीत कुणी आहे का?"

"माझं कुणी नाही," आतून उत्तर आलं. "तुझ्या बायकोचा ताप आहे. हळू ठेव, सांडेल."